नॉर्टन कमांडोचा घसरणारा क्लच: प्रायमरीत वाढलेल्या तेलाचा माग

गाडी १९७४ ची नॉर्टन कमांडो ८५०, ब्रिटिश मोटरसायकल. नावाला ८५०, प्रत्यक्षात ८२८ सीसी. दोन सिलिंडर, चार गिअर, गिअरचं पेडल उजव्या पायाखाली. मालक डर्बीला राहणारे निवृत्त डॉक्टर, मूळचे सांगलीचे. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत आले आणि इथेच राहिले. मी त्यांना काका म्हणतो. गाडी त्यांनी जुनी घेतली, भरपूर चालवली, मग मुलं लहान असताना ती गॅरेजमध्ये झाकून ठेवली आणि निवृत्तीनंतर पुन्हा बाहेर काढली.

तक्रार त्यांनी रोग्याची केस सांगावी तशी नेमकी सांगितली. "अरे, बक्स्टनच्या पुढे कॅट अँड फिडलचा चढ लागला की चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळतो, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. आणि सकाळी गार असताना पहिला गिअर टाकला की क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे उडी मारते. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही ते वेगळंच."

म्हणजे गरम झाल्यावर क्लच घसरतो आणि गार असताना सुटत नाही. या दोन गोष्टी एकाच गाडीत एकत्र दिसल्या की मी सगळ्यात आधी तेलाकडे वळतो. स्प्रिंग थकली असेल तर क्लच फक्त घसरेल. केबल ढिली असेल किंवा क्लच ढकलणारा पुशरॉड आखूड पडत असेल तर क्लच फक्त सुटणार नाही. दोन्ही व्हायला प्लेटांच्या मध्ये असं काहीतरी लागतं जे गार असताना चिकटून धरतं आणि दाब आला की निसटू देतं. जाड गिअर ऑइल नेमकं हेच करतं.

आधीचा इतिहासही बोलका होता. जवळच्या एका गॅरेजमध्ये क्लच प्लेटा नव्या टाकल्या होत्या, केबल बदलली होती, प्रायमरीचं (म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी ज्या बंद डब्यात चालते त्याचं) आणि गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं. काही आठवडे गाडी मस्त चालली, मग हळूहळू तेच सगळं परत. काकांनी बिल जपून ठेवलं होतं. त्यात प्लेटांच्या किमतीपेक्षा मला दुसरीच ओळ महत्त्वाची वाटली: गिअर ऑइल, १ लिटर. या गिअरबॉक्सला लागतं ०.९ इंपीरियल पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर. उरलेलं तेल काकांना परत दिलेलं नव्हतं. ते डब्यातच राहून गेलं असेल, पण तसं नसेल तर ते कुठे गेलं हे बघायला हवं होतं.

या क्लचची रचना

आपल्याकडे ज्यांनी जुनी, कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट उघडून पाहिली आहे त्यांना कमांडोची डावी बाजू परकी वाटणार नाही. दोन्हींत क्रँकवरून क्लचकडे जाणारी साखळी एका बंद डब्यात, तेलात चालते. दोन्हींत त्या डब्याचं बाहेरचं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेला रबरी पट्टीचं सील असतं. दोन्हींत गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा, स्वतःच्या तेलाचा. आणि क्लच दाबणारा रॉड दोन्हींत गिअरबॉक्सच्या पोकळ मेनशाफ्टमधून आरपार जातो. या शेवटच्या गोष्टीत आपलं सगळं प्रकरण आहे.

फरक स्प्रिंगचा. बुलेटच्या क्लचला सुट्या स्प्रिंगा असतात. कमांडोला मात्र एकच मोठी थाळीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग आहे. ८५० मॉडेलमध्ये या स्प्रिंगखाली ब्राँझच्या पाच घर्षण प्लेटा, त्यांच्या मधे पोलादाच्या चार साध्या प्लेटा आणि वर प्रेशर प्लेट. ब्राँझच्या प्लेटांचे कान बाहेरच्या ड्रमच्या खाचांत बसतात, पोलादी प्लेटांचे दात आतल्या सेंटरवर. इंजिनाकडून साखळी येते ती तिहेरी.

क्लच दाबल्यावर केबल उजवीकडे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या झाकणातली एक छोटी लिव्हर ओढते. लिव्हरपुढे एक पोलादी गोळी, गोळीपुढे पुशरॉड. रॉड मेनशाफ्टच्या पोटातून डावीकडे सरकतो आणि डायफ्रॅमच्या मध्यावरचा ॲडजस्टर बाहेर ढकलतो, मग प्लेटा मोकळ्या होतात. म्हणजे मेनशाफ्टच्या पोकळीचं उजवं टोक गिअर ऑइलच्या राज्यात आणि डावं टोक थेट क्लच सेंटरमध्ये. रॉड आणि पोकळी यांच्यात थोडी फट असणारच, नाहीतर रॉड सरकेल कसा? मूळ जोडणीत त्या फटीला सील नाही.

प्रायमरीत तेल येण्याच्या वाटा

मॅन्युअलप्रमाणे कमांडोच्या प्रायमरीत २०० सीसी तेल. चहाच्या दोन कपांइतकंही नाही. साखळीचा खालचा भाग त्यात बुडावा आणि तिने ते वर फिरवावं, एवढाच हेतू. त्यामुळे यात थोडीही भर पडली तर क्लचला लगेच जाणवतं.

मी झाकणाखाली स्वच्छ परात ठेवली आणि आलेलं तेल मोजपात्रात ओतलं. ३०० सीसीच्या पुढे. गॅरेजच्या बिलाप्रमाणे प्रायमरीत लाल रंगाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल, ज्याला सगळे एटीएफ म्हणतात, ते घातलं होतं. परातीत होतं ते तपकिरी, किंचित ताणलं जाणारं. बोटावर घेऊन हुंगलं तर गंधकाचा तो उग्र वास. ज्याने एकदा ईपी ९० या गिअर ऑइलचा डबा उघडला आहे तो हा वास विसरत नाही. ईपी तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असतात, ती धातूच्या पृष्ठभागाला चिकटून दाबाखालचं घर्षण कमी करतात. गिअरच्या दातांना ते हवंच असतं. क्लचच्या प्लेटेला त्याच्या बरोबर उलट हवं असतं.

तरी वासावर सगळं सोडून चालत नाही. प्रायमरीत तेल बाहेरून यायला या गाडीत दुसरी वाटही आहे आणि ती जास्त बदनाम आहे. कमांडोचं इंजिन ड्राय संप, तेलाची टाकी वेगळी. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. मग किक मारल्यावर तळात साचलेलं तेल आणि वाढलेला दाब क्रँकच्या डाव्या बाजूच्या ऑइल सीलवर येतो. सील कडक झालेलं असेल तर तेल त्याच्यावरून थेट प्रायमरीत. इथले बरेच जण प्रायमरीत तेल वाढलं की डोळे झाकून क्रँकचं सील बदलतात. ते वाईट नाही, पण ते तपासून बदलावं. इंजिनातून आलं असतं तर तेल काळं असतं, गंधकाचा वास नसता आणि टाकीतली पातळी खाली गेली असती. काकांनी टाकीची पातळी वहीत लिहून ठेवलेली होती आणि तिच्यात घट नव्हती.

आणखी एका जागेचा संशय वगळावा लागतो. मेनशाफ्ट ज्या स्लीव्ह गिअरमधून जातो, त्याच्या ब्राँझ बुश झिजल्या की तिथूनही गिअर ऑइल निसटतं. पण ते बाहेर पडतं पुढच्या स्प्रॉकेटच्या नटापाशी, म्हणजे चेनकेसच्या (प्रायमरीच्या डब्याच्या) मागच्या भिंतीच्याही मागे. ते मागच्या साखळीवर आणि जमिनीवर सांडतं, प्रायमरीत भरत नाही. इथे स्प्रॉकेटपाशी ओल होती, पण थेंब पडत नव्हता. ही नोंद करून ठेवली.

मग गिअरबॉक्सच्या पातळीचं बुच काढलं. गाडी मेन स्टँडवर, सरळ. तेल नेमकं पातळीला असेल तर अशा वेळी बुचातून काही थेंब येऊन थांबतात. इथे धार लागली आणि बराच वेळ लागून राहिली. प्रायमरीत शंभर सीसीहून जास्त तेल पळून गेल्यानंतरही गिअरबॉक्स अजून जादा भरलेलाच होता! वरच्या झाकणाच्या भोकातून तेल दिसेपर्यंत ओतायचं ही सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. बाकी बऱ्याच गाड्यांत त्याने फार बिघडत नाही. इथे मात्र पातळी वर चढली की मेनशाफ्टचं उघडं टोक तेलातच जातं.

पुरावा

क्लच उघडायला डायफ्रॅम दाबून धरणारं खास हत्यार लागतं. त्याशिवाय ती स्प्रिंग काढायला जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. ती पूर्ण ताणात बसलेली असते आणि रिंग सुटली तर बोटं किंवा डोळा जाऊ शकतो. हत्याराचा मधला बोल्ट ॲडजस्टरच्या जागी फिरवायचा, स्प्रिंग सपाट होईपर्यंत घट्ट करायचा, मग कडेची रिंग स्क्रूड्रायव्हरने सोडवायची आणि स्प्रिंग हत्यारासकट बाहेर काढायची. परत बसवेपर्यंत ती तशीच राहू द्यायची.

प्लेटा बाहेर आल्या त्या एकमेकींना चिकटलेल्या. दोन प्लेटा वेगळ्या करताना मधे तेलाचे तंतू ताणले जात होते. एवढ्यावर निदान जवळपास झालं होतं, पण तेल कुठून आलं याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा मला हवा होता. प्लेटा आणि साखळी काढून चेनकेस पूर्ण पुसून कोरडा केला. क्रँक सीलच्या कडेला आणि मेनशाफ्टच्या टोकाशी पांढऱ्या टिश्यू पेपरच्या घड्या खोचल्या. गिअरबॉक्समध्ये मुद्दाम तीच जादा पातळी ठेवली आणि गाडी रात्रभर साइड स्टँडवर उभी केली. साइड स्टँड डावीकडे, म्हणून गाडी डावीकडे कलते आणि पोकळीतलं तेल क्लचच्या दिशेनेच उतरतं. काकांची गाडी घरी नेहमी अशीच उभी असे.

सकाळी क्रँकजवळचा कागद पांढरा होता. मेनशाफ्टजवळचा मधासारख्या रंगाने भिजून पारदर्शक झाला होता आणि पुशरॉडच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. काका वाकून बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे प्लेटा बिचाऱ्या निर्दोष होत्या."

"आधीच्याही बहुतेक निर्दोषच होत्या काका," मी म्हटलं. "जुन्या टाकून दिल्या का तुम्ही?"

नव्हत्या दिल्या. त्या जुन्या प्लेटा व्हर्नियरने मोजल्या, जाडीत नव्यांहून फारसा फरक नव्हता. धुऊन त्या सुटे भाग म्हणून जपून ठेवल्या आहेत.

त्यानंतर गिअरबॉक्सचं तेल बुचाच्या पातळीवर आणून तीच परीक्षा पुन्हा घेतली. कागदावर आता फक्त पुसटसा डाग. म्हणजे मोठा दोष जादा भरण्याचा होता. पण उभ्या गाडीत एवढंच दिसतं. चालत्या गाडीत गिअर तेल उडवत असतात आणि काही थेंब मेनशाफ्टच्या टोकाशी पोचणारच. गाडी वर्षानुवर्षं चालवायची असेल तर नुसती पातळी राखून भागणार नाही, असं माझं मत पडलं.

दुरुस्ती

उपाय जुना आणि माहितीतला आहे: मेनशाफ्टच्या उजव्या टोकाच्या नटावर बसणारं छोटं सील, ज्याची ओठासारखी कड पुशरॉडला धरून राहते. कमांडोचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ते तयार मिळतं. त्यासाठी उजवीकडे किक आणि गिअर पेडल काढून गिअरबॉक्सचं बाहेरचं झाकण उतरवावं लागतं, मग क्लच लिव्हरचं घर धरून ठेवणारी गोल रिंग सोडवायची. घर काढण्याआधी ते कोणत्या कोनात बसलं आहे त्याची खूण करून घ्यावी. परत बसवताना ते थोडं फिरलं तर केबल तिरकी ओढली जाते, क्लच जड होतो आणि मग लोक स्प्रिंगला दोष देतात.

पुशरॉड काचेवर लोळवून पाहिला, सरळ होता. पण जिथे सीलची कड येणार तिथे जुन्या घासण्याच्या बारीक रेघा होत्या. बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने ती जागा गुळगुळीत केली. हे केलं नाही तर नवं सील थोड्याच दिवसांत कापलं जातं.

प्लेटांच्या सफाईला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. या ब्राँझ प्लेटा भुकटी दाबून, भाजून केलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या बारीक छिद्रांत तेल मुरतं. वरून पुसलं की त्या कोरड्या दिसतात, गरम झाल्या की तेल पुन्हा वर येतं. केरोसिनमध्ये भिजवून ब्रशने धुतल्या, मग मोकळ्या हवेत ब्रेक क्लीनरने, आणि फडक्यावर पिवळा डाग उमटणं थांबेपर्यंत तेच करत राहिलो. काही जण प्लेटा ज्वाळेवर धरून तेल जाळतात. तसं करू नये, प्लेट वाकते आणि वाकलेली प्लेट कधीच पूर्ण सुटत नाही. पोलादी प्लेटांवर आरशासारखी चकाकी आली होती. काचेवर एमरी पेपर ठेवून गोल गोल घासून ती उतरवली आणि त्याच काचेवर फीलर गेजने प्रत्येकीचा सपाटपणा तपासला.

ड्रमच्या खाचांत प्लेटांच्या कानांनी अगदी हलके खड्डे पाडले होते, ते कानशीने सरळ केले. साखळी बसवून ती सगळ्यात ताठ असते त्या जागी मधोमध वरखाली ९ ते १० मिलिमीटर खेळ ठेवला. क्लचच्या मागे मेनशाफ्टवर एक सर्कलिप असते, ती खाचेत पूर्ण बसली आहे ना हे बोट फिरवून पाहिलं. ती निसटली तर क्लच आत सरकतो आणि बाकी सगळी मेहनत वाया जाते. मधला नट ७० फूट-पाउंडला आवळला.

जमिनीवर दिसणारा डाग हा काकांचा वेगळा राग होता. त्याचं कारण चपटी झालेली रबरी पट्टी. नवी टाकली आणि बाहेरच्या झाकणाचा नट बेताने आवळला. गळती थांबवायला तो नट जोर लावून पिळतात, त्याने झाकण मधे दबतं आणि कडा उचलतात.

मग तेल कोणतं, हा प्रश्न आला. मॅन्युअल २०डब्ल्यू५० सांगतं आणि ते चालतं. मी काकांना टाइप एफ एटीएफच पुन्हा घालायला सांगितलं. ते पातळ असतं, म्हणून गार असताना प्लेटा सुटायला मदत होते. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं नसतात, म्हणून क्लच धरून राहतो. आणि ते लाल असतं! पुढच्या वेळी परातीत रंग बदललेला दिसला तर काकांना कोणाला विचारावं लागणार नाही. मोजपात्राने २०० सीसी, थेंब जास्त नाही. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं तेल, बुचापर्यंत. जीएल-५ मी मुद्दाम टाळलं, कारण आत ब्राँझच्या बुश आहेत आणि त्यातली जादा रसायनं जुन्या पिवळ्या धातूला मानवत नाहीत.

ॲडजस्टर रॉडला टेकेपर्यंत आत फिरवला, तिथून एक पूर्ण फेरा मागे घेतला, लॉकनट आवळला. हँडलवरच्या लिव्हरपाशी केबलला सुमारे ५ मिलिमीटर मोकळा खेळ ठेवला.

नंतर

बक्स्टनचा तोच चढ चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर चढून पाहिला. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग एकत्र वाढत गेले. काकांनी उतरल्यावर हेल्मेट काढण्याआधीच अंगठा वर केला. क्लच हाताला पूर्वीपेक्षा हलका लागतो असंही ते म्हणाले. त्यामागे केबलची सरळ ओढ आहे, स्प्रिंग तीच आहे.

उन्हाळाभर गाडी चालल्यावर प्रायमरी पुन्हा परातीत रिकामी केली. २०० सीसीला जरा कमी, लाल, थोडं गढूळ, वास साधा. क्रँकचं सीलही अजून धरून आहे, त्याला हात लावलेला नाही. गार सकाळी प्लेटा अजून किंचित धरतात, म्हणून स्विच बंद ठेवून क्लच दाबायचा आणि दोनतीन किका मारून त्या मोकळ्या करायच्या, ही सवय काकांनी लावून घेतली आहे. गाडी आता मेन स्टँडवर उभी असते.

स्प्रॉकेटपाशीची ओल थोडी वाढली आहे. तिथे अजून थेंब पडत नाही, पण स्लीव्ह गिअरच्या बुश झिजायला लागल्या आहेत हे उघड आहे. डिसेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की गाडी तशीही आत राहते. तेव्हा गिअरबॉक्स पूर्ण उघडायचा असं ठरलं आहे, बुश आणि स्प्रॉकेटमागचं सील काकांनी मागवून ठेवलं आहे.